तारेवरून तारेवर

तंतुवाद्यांच्या इतिहासात डाव्या हाताचे कौतुक वाजवीपेक्षा अधिक झाले आहे. पडद्यांवरून धावणारी त्याची बोटे श्रोत्यांच्या नजरेत भरतात, चित्रकार तीच आवडीने रेखाटतात, आणि नवशिक्याचे लक्षही बहुधा तिकडेच लागलेले असते. उजवा हात मात्र घोडीच्या आसपास, जवळजवळ जागच्या जागी, आपला कारभार निमूटपणे करीत राहतो. असे असूनही ल्यूट, विहुएला, गिटार, मॅन्डोलिन या एका कुळातील वाद्यांच्या शिक्षकांनी गेल्या पाचशे वर्षांत जे ग्रंथ लिहून ठेवले ते चाळून पाहिले, तर त्यांतील बहुतेक वाद, तक्रारी आणि तोडगे उजव्या हाताविषयीच असल्याचे आढळते. एका तारेवर भराभर आघात करणे हे कोणत्याही निरोगी मनगटाला थोड्याशा मेहनतीने साधते. अडते ते हात एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना, आणि माझ्या मते गिटारीवरील द्रुत वादनाचा सारा इतिहास हा या एवढ्याशा स्थलांतराचा इतिहास आहे.

हे नीट उमगण्यासाठी मराठी वाचकाने क्षणभर सतार डोळ्यांपुढे आणावी. सतारियाच्या तर्जनीवर नखी असते, तिने आत ओढलेला आघात 'दा' आणि बाहेर ढकललेला 'रा', आणि या दोन बोलांच्या जुळणीतून मसीतखानी व रझाखानी गतींचा सारा डोलारा उभा राहतो. परंतु सतारीवरील सुरावट बहुतांशी बाजाच्या एकाच तारेवर चालते, आणि दुसऱ्या तारेचा प्रश्न ठळकपणे उभा राहतो तो झाल्यात, चिकारीशी गाठ पडते तेव्हा. गिटारीला ही सवलत नाही. तिच्या सहा तारांवर साधे सप्तक वाजवायचे म्हटले तरी दर दोन किंवा तीन स्वरांनी तार बदलावी लागते. एका तारेवर तीन स्वर असले, आणि नखीचा आघात एकदा खाली एकदा वर असा नेमाने चालला असला, तर तिसऱ्या स्वरानंतर नखी खालच्या बाजूस पुढच्या तारेच्या अलीकडे उभी असते. पण पुढचा आघात वरच्या दिशेचा व्हावयाचा असल्यामुळे तिला त्या तारेवरून पलीकडे उडी मारून माघारी यावे लागते. सावकाश वाजविताना हा वळसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. लय दुप्पट झाली की नेमक्या त्याच ठिकाणी नखी अडखळते, आणि वादकाला वाटते की आपला हात मंद आहे.

या प्रश्नाचा उगम पाहण्यासाठी अरबांच्या ऊदपर्यंत मागे जावे लागते. बगदादहून निघालेला झिर्याब हा गवई ८२२ साली कोर्दोब्यात दुसऱ्या अब्दुर रहमानच्या दरबारी दाखल झाला, आणि लाकडी नखीच्या जागी त्याने गरुडाच्या पिसाची नखी रूढ केली, असे अल-मक्करी या सतराव्या शतकातील इतिहासकाराने नमूद केले आहे. त्या दरबाराविषयीच्या आख्यायिका पुष्कळ आहेत व त्यांत अतिशयोक्तीही असावी. परंतु ऊद आणि तिच्याबरोबर पिसाची नखी यांनी स्पेनच्या वाटेने युरोपात प्रवेश केला, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. युरोपातील ल्यूट हे ऊदचेच अपत्य होय, आणि पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते नखीनेच वाजविले जात असे. फेर्रारा येथील एस्ते घराण्याच्या पदरी असलेला पिएत्रोबोनो हा त्या पद्धतीचा सर्वांत नामांकित वादक. त्याच्या वेगवान सुरावटीची कीर्ती इटलीभर पसरली होती, आणि खालचा संथ स्वरपट सांभाळण्यासाठी एक दुसरा वादक त्याच्या शेजारी बसत असे. कारण नखीने एका वेळी एकच सुरावट नीट वाजू शकते.

याच सुमारास युरोपीय संगीतात एकाच वेळी अनेक सुरावटी गुंफण्याची रीत प्रबळ झाली, आणि ल्यूटवादकाला शेजारच्या मदतनिसाची पराधीनता खुपू लागली. तीन-चार सुरावटी एकट्याने वाजविणाऱ्या ल्यूटवादकांविषयी तिंक्तोरिस या संगीतशास्त्रज्ञाने १४८० नंतरच्या दशकात आश्चर्याने लिहिले आहे. हे नखी टाकून बोटे वापरल्याखेरीज होण्यासारखे नव्हते. मात्र नखी गेली तरी नखीचा संस्कार गेला नाही. वेनिसच्या पेत्रुच्चीने १५०७ साली स्पिनाचिनो याचे ल्यूटचे स्वरलेखन छापून प्रसिद्ध केले, त्या प्रकारचे ते पहिलेच मुद्रित पुस्तक, आणि त्यातील नियम असा की ज्या अंकाखाली टिंब नाही तो स्वर खालच्या आघाताने आणि ज्याखाली टिंब आहे तो वरच्या आघाताने वाजवावा. अंगठा खाली, तर्जनी वर. अंगठा सबळ मात्रेवर, तर्जनी दुर्बळ मात्रेवर. बोटांच्या अंगी पिसाचीच चाल उतरली होती. तरीही एक मोठा लाभ पदरात पडला. अंगठा आणि तर्जनी हे दोन वेगवेगळे अवयव असल्यामुळे, एक आपल्या तारेवर आघात करीत असता दुसऱ्याला पुढच्या तारेजवळ सिद्ध राहता येते, आणि नखीला घालावा लागणारा तो वळसा यांच्या वाट्याला येत नाही.

स्पेनमध्ये या काळी ल्यूटपेक्षा विहुएलेचा मान मोठा होता. विहुएलेची ठेवण गिटारीची आणि सूर मिळविण्याची रीत ल्यूटची, आणि तिच्या ग्रंथकारांत द्रुत सुरावट कशाने वाजवावी यावर जो वाद झाला तो आजही शिळा झालेला नाही. एक मार्ग 'देदिय्यो' नावाचा: एकट्या तर्जनीने नखीसारखे पुढे-मागे छेडावयाचे. दुसरा मार्ग तर्जनी व मध्यमा यांनी आळीपाळीने चालावयाचे. लुइस दे मिलान याने १५३६ मध्ये वालेन्सियात प्रसिद्ध केलेल्या 'एल माएस्त्रो'त दोन्ही मार्गांना जागा दिली आहे. परंतु मिगेल दे फुएन्याना या अंध वादकाने १५५४ च्या आपल्या 'ओर्फेनिका लिरा' या ग्रंथात निकालच देऊन टाकला. देदिय्यो सोपा आहे आणि कानाला गोडही लागतो हे त्याने मान्य केले. पण त्यात नखाचा आघात येतो, आणि त्याच्या मते नखाच्या आघाताला बोटाच्या जिवंत मांसाने काढलेल्या स्वराचा प्राण नसतो. म्हणून दोन बोटांचा मार्ग श्रेष्ठ. ज्याला डोळ्यांनी काहीच पडताळता येत नव्हते त्या माणसाने केवळ कानाने आणि स्पर्शाने हा सूक्ष्म तफावतीचा निवाडा करावा, याचे मला फार अप्रूप वाटते. वाद जिंकूनही फुएन्यानाला देदिय्यो नाहीसा करता आला नाही. पोर्तुगालच्या फादोबरोबर वाजणाऱ्या बारा तारांच्या गिताऱ्येवर तर्जनीची तीच पुढे-मागे चाल आजही चालू आहे, आणि गोव्यातील फादोच्या मैफिलींतही ती ऐकावयास मिळते.

सतराव्या शतकात पाच जोडतारांच्या गिटारीने लोकप्रियता मिळविली, ती मुख्यतः सगळ्या तारांवरून एकदम हात फिरविण्याच्या चालीमुळे. गास्पार सान्थ याने १६७४ मध्ये सारागोसा येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एकेक तार छेडण्याचीही तालीम दिली आहे, पण आपल्या प्रश्नात त्या शतकाने विशेष भर घातली असे म्हणवत नाही. इंग्लंडात टॉमस मेस याने १६७६ च्या ग्रंथात नख आणि मांस यांचा जुना तंटा पुन्हा उकरून काढला. त्याच ग्रंथात त्याने ल्यूट दिवसा नेहमीच्या वापरातल्या बिछान्यात, पांघरुणाखाली ठेवावे अशी गंभीरपणे शिफारस केली आहे, मात्र ते तेथे असताना कोणी बिछान्यावर अंग टाकू नये अशी ताकीदही बरोबर आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडतारा जाऊन सहा एकेरी तारांची गिटार आली, आणि येथून उजव्या हाताचे शिक्षण खऱ्या अर्थाने पद्धतशीर झाले. या कामी सर्वांत मोठे श्रेय मी माउरो जूलियानी याला देतो. दक्षिण इटलीतील बिशेल्ये येथे १७८१ मध्ये जन्मलेला हा वादक १८०६ मध्ये व्हिएन्नास आला, आणि १८१२ मध्ये आपली पहिली कृती म्हणून त्याने एक अभ्यासग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या भागात उजव्या हाताचे १२० पाठ आहेत, आणि हे सारे पाठ केवळ दोन स्वरसंघांवर रचलेले आहेत: एक मूळ षड्जाचा आणि दुसरा पंचमाचा. या दरिद्री वाटणाऱ्या योजनेत मोठी बुद्धी दडलेली आहे. डाव्या हाताला जवळजवळ काहीच काम ठेवले नाही म्हणजे विद्यार्थ्याला त्याच्या चुकांआड लपता येत नाही, आणि कोणते बोट कोणत्या तारेवर केव्हा पोचते एवढ्या एकाच गोष्टीवर चित्त स्थिर होते. १२० पाठांत अंगठा व तीन बोटे यांच्या तारांवरील क्रमाचे इतके प्रकार येऊन जातात की पुढे प्रत्यक्ष संगीतात हाताला अनोळखी असे फार थोडे उरते. हे पाठ आजही जगभर वाजविले जातात, आणि नंतरच्या अनेक नामवंत अभ्यासमालांपेक्षा ते मला अधिक प्रामाणिक वाटतात.

त्याच व्हिएन्नात तेव्हा योहान मेल्झेल नावाचा एक यंत्रकार वास्तव्य करून होता. डिसेंबर १८१३ मध्ये जखमी सैनिकांच्या मदतीसाठी त्याने योजिलेल्या जलशात बेथोवनची सातवी सिंफनी प्रथम वाजली, आणि त्या वाद्यवृंदात जूलियानीही चेलो घेऊन बसला होता असे त्याचे चरित्रकार मानतात. पुढे १८१५ मध्ये याच मेल्झेलने लय मोजणाऱ्या लंबकयंत्राची सनद आपल्या नावे करून घेतली, जरी त्यातील मुख्य कल्पना अ‍ॅम्स्टरडॅमच्या विंकेल याची होती. मेट्रोनोमने रियाजाला एक नवा शिरस्ता लावून दिला. पूर्वी गुरू 'अजून जलद' म्हणे. आता मिनिटाला अमुक ठोके असा आकडा समोर आला, आज साठ, उद्या चौसष्ट, आणि वेग ही हिशेबवहीत मांडण्याजोगी बाब झाली. या यंत्राचे उपकार नाकारता येत नाहीत. परंतु हात अडखळला कोठे हे ते सांगते. का अडखळला, याचा जबाब त्याच्यापाशी नसतो.

पॅरिसमध्ये १८३० च्या सुमारास फर्नांदो सोर आणि दिओनिस्यो अग्वादो हे दोन स्पॅनिश मित्र एकाच हॉटेलात राहत असत, आणि त्यांच्या मैत्रीवर सोरने दोन गिटारींसाठी एक रचनाही केली. दोघांच्या वादनात मात्र जमीनअस्मानाचे अंतर होते: सोर बोटांच्या अग्रांनी वाजवी, अग्वादो नखांनी. सोरने १८३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नखांच्या वादनाची कठोर निर्भर्त्सना केली आणि अग्वादोपुरता अपवाद केला. त्याहून विलक्षण म्हणजे, भरधाव सुरावटींत एकेक स्वर तोडून वाजविण्याची ज्याला हौस असेल त्याने आपल्याकडे येऊ नये, अग्वादोचा ग्रंथ पाहावा, असे त्याने निःसंकोच लिहून टाकले. स्वतः तो अशा ठिकाणी उजव्या हाताने गटातला पहिला स्वर छेडी आणि पुढचे डाव्या हाताच्या बोटांनी उमटवी. एका थोर वादकाने वेगाचा सगळा मामला असा दुसऱ्याच्या दप्तरी पाठवून द्यावा, यात मला नामुष्की दिसत नाही. डाव्या हातावर काही भार टाकला तर उजव्याचे तारांतर सुकर होते, हे त्याने बरोबर हेरले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रांसिस्को तारेगा याने बोट तारेवरून सरकून शेजारच्या तारेवर टेकेल असा आघात आपल्या पद्धतीत स्थिर केला. या टेकण्यामुळे प्रत्येक आघातानंतर बोटाला एक निश्चित मुक्काम मिळाला आणि स्वर भरदार झाला. आल्हाम्ब्राच्या स्मरणार्थ त्याने केलेल्या सुप्रसिद्ध रचनेत अंगठ्यामागून तीन बोटे एकाच तारेवर ओळीने पडतात आणि अखंड स्वराचा भास होतो. येथे गंमत अशी की बोटांनी वाजविणाऱ्याला जे वर्षानुवर्षांच्या मेहनतीने मिळते, ते कंपन नखीवाल्या मॅन्डोलिनवादकाला पहिल्या काही महिन्यांतच गवसते.

आणि नखी पुन्हा परतली ती या मॅन्डोलिनच्याच हातात. नेपल्समध्ये विनाच्चा घराण्याने पोलादी तारांचे मॅन्डोलिन घडविले होते. १८८० मध्ये 'स्पॅनिश स्टुडंट्स' या नावाने न्यू यॉर्कला गेलेल्या वादकांच्या तांड्याने तेथे अशा वाद्यांचे वेड लावले, आणि इटालियन स्थलांतरितांनी ते वाढविले. गिटारीलाही पोलादी तारा चढल्या, १९२० नंतरच्या नृत्यवृंदांत ती बॅन्जोच्या जागी आली, आणि पितळी वाद्यांच्या गदारोळात ऐकू जाण्यासाठी नखी अपरिहार्य झाली. या नख्या कासवाच्या कवचाच्या असत. न्यू यॉर्कच्या डी'आंद्रिया या कारागिराने १९२२ पासून सेल्युलॉइडच्या नख्या कापावयास प्रारंभ केला, आणि १९७३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने कवचाच्या व्यापारावर बंदी आल्यानंतर तर दुसरा मार्गच उरला नाही. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात मॅन्डोलिनची ही नखी घरोघर ऐकू आली. लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार म्हणून नावारूपास येण्यापूर्वी मॅन्डोलिनवादक म्हणूनच स्टुडिओंत वावरत होते.

नखीबरोबर तारांतराचा जुना प्रश्नही परतला, आणि त्याची दोन उत्तरे दोन टोकांना दिली गेली. १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी झालेला जॅन्गो राइनहार्ट याचे सारे चरित्रकार त्या हाताविषयी लिहितात. पण त्याच्या वेगाचा निम्मा बंदोबस्त उजव्या हाताने केलेला होता. त्याच्या परंपरेतील नियम असा की तार बदलली की पहिला आघात खालच्याच दिशेचा, मग त्यासाठी दोन खालचे आघात लागोपाठ आले तरी हरकत नाही. उलट अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील अंध वादक डॉक वॉटसन १९५० नंतर एका नृत्यवृंदात होता, तेथे व्हायोलिनवादक नव्हता, आणि नाचणाऱ्यांना तर व्हायोलिनच्या धुना हव्या. तेव्हा त्याने त्या गिटारीवर बसविल्या, मात्रेवर खाली, मात्रेच्या मध्ये वर, तार कोणतीही असो, क्रम अढळ. पहिल्या पद्धतीत हाताची सोय आधी आणि ताल मागून येतो; दुसरीत ताल आधी, आणि हाताने त्यासाठी वळसे सोसावयाचे. वॉटसनचा ठेका इतका नि:संशय का वाटतो आणि जॅन्गोचा स्वर इतका बेधडक का, याचे उत्तर मला या दोन नियमांत सापडते.

डिसेंबर १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रंगमंचावर अल डी मेओला, जॉन मॅकलाफलिन आणि पाको दे लुसिया हे तिघे एकत्र बसले, आणि त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण पुढे गिटारवेड्यांच्या घरोघरी गेले. दोघांच्या हाती नखी, तिसऱ्याची तर्जनी आणि मध्यमा. मॅकलाफलिन तर तोवर माहीमच्या झाकिर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' या वृंदात तबल्याच्या बोलांशी झुंजून आलेला होता. वेगात तिघांत डावे-उजवे करणे कठीण. पण कान देऊन ऐकले तर नखीवाल्यांच्या ताना तारांतराच्या जागी किंचित कडक होतात आणि पाकोच्या त्याच जागी सहज वळतात.

या साऱ्या परंपरेत एक गोष्ट राहून गेली होती: नखी नेमकी कोणत्या वाटेने जाते हे डोळ्यांना दिसत नव्हते. गेल्या दीड-दोन दशकांत ट्रॉय ग्रेडी या अमेरिकन वादकाने गिटारीलाच कॅमेरा बसवून मोठमोठ्या वादकांच्या उजव्या हाताचे मंदगती चित्रण केले. त्यातून दिसले की जलद वाजविताना नखी तारांच्या पातळीला समांतर चालत नाही, तिरकी चालते. एका दिशेच्या आघाताअखेर ती तारांमध्ये अडकलेली असते आणि दुसऱ्या दिशेच्या आघाताअखेर तारांच्या वर मोकळी निघते. ती मोकळी असेल त्याच वेळी तार बदलली तर वेगाला बाध येत नाही. जॅन्गोच्या परंपरेचा नियम या मोजमापात चपखल बसतो. 'हालचाल लहान ठेवा, सावकाश सुरू करा, मेट्रोनोम हळूहळू वाढवा' हा सर्वमान्य उपदेशही येथे अपुरा ठरतो, कारण सावकाश वाजविताना नखीला कोणतीही वाट चालते आणि वाट चुकीची असल्याची खातरजमा लय वाढल्यावरच होते. आश्चर्य हे की यांतील कित्येक वादकांना आपला हात असे काही करतो याचा पत्ता नव्हता. १९८४ पासून वेगासाठी गाजलेला स्वीडनचा इंग्वे मालम्स्टीन एका तारेवर बहुधा सम संख्येचेच स्वर छेडतो, म्हणजे शेवटचा आघात वरचा येऊन नखी आपोआप मोकळी होते; स्वर विषम असले तर चढत्या तानेत तो नखी तशीच पुढच्या तारेवर ओढत नेतो, आणि उतरत्या तानेत गटातला शेवटचा स्वर, सोरप्रमाणे, डाव्या हाताकडे सोपवितो.